भीती कशाची, कागदाची?

रामदासपेठेत पाटी दिसली की ती डॉक्टरांचीच असणार, असं आम्ही नागपूरकर धरून चालतो. लोकमत चौकाकडून आत वळलं की एका बंगल्याआड एक हॉस्पिटल, मधे औषधांची दुकानं, आणि फूटपाथवर प्लास्टिकच्या पिशवीत एक्स-रे धरून बसलेली खेड्यांतली माणसं. अशाच एका गल्लीत पहिल्या मजल्यावर एक चित्रकार बाई राहतात. अधूनमधून मी त्यांच्याकडे चहाला जातो. शाळेत चित्रकला शिकवून त्या निवृत्त झाल्या. जलरंगात काम करतात. त्यांची अंबाझरी तलावाची चित्रं याच भागातल्या कितीतरी वेटिंग रूममध्ये लागलेली आहेत. सध्या त्यांच्याकडे त्यांचा भाचा आलाय. बडोद्याला शिकला, अमूर्त चित्रं काढतो. म्हणजे काढायचा. पुण्यात त्याचं पहिलं एकट्याचं प्रदर्शन ठरलंय, तारीख जवळ येऊन ठेपली आहे, आणि मुंबईहून मागवलेले लिननचे कॅनव्हास भिंतीला टेकून पांढरेच्या पांढरे उभे आहेत.

दोघांचीही नावं देत नाही. तशी अट दोघांनी घातली, तीही एकमेकांच्या नकळत.

वाद मे महिन्यातल्या एका दुपारचा. मधे मधे मीही बोललो, पण ते बहुतेक गाळलंय. त्यात फारसा दम नव्हता.

मावशी: सकाळपासून काय करून राहिला रे?

भाचा: बघून राहिलो.

मावशी: कशाकडे?

भाचा: कॅनव्हासकडे. हसू नको. गायतोंडे हेच करायचे. तासन् तास बसून राहायचे.

मावशी: आले बाप्पा गायतोंडे. रोज दुपारी जेवायलाच असतात ते आपल्याकडे.

भाचा: नागपूरचेच आहेत नं, येणारच.

(चित्रकार वासुदेव संतू गायतोंडे यांचा जन्म नागपूरचा, २ नोव्हेंबर १९२४ चा. माणसं मूळची गोव्याची, वाढले गिरगावातल्या चाळीत, शिकले जे. जे. मध्ये, आणि १९७२ नंतर राहिले दिल्लीत. नागपूरचा त्यांच्यावरचा हक्क जन्मदाखल्यापुरता आहे. आम्ही तोही सोडत नाही.)

भाचा: वर्षाला पाच-सहा कॅनव्हास, बस. बाकीचा वेळ वाट पाहायची. झेन वाचायचं, रमण महर्षी वाचायचे, गाणं ऐकायचं. चित्र आत पुरतं जमून येईस्तोवर हात लावायचा नाही. प्रेरणा म्हणजे हीच, मावशी. ती बोलावून येत नाही. आपण फक्त घरी असायचं.

मावशी: तो बसून राहायचा हे तुला पाठ आहे. उठल्यावर काय करायचा ते पाठ नाही. रोलरनं रंगाचे थर द्यायचा, पॅलेट नाइफनं खरवडायचा, ओल्या रंगावर कागदाचे तुकडे दाबून उचलायचा. एकावर एक, एकावर एक. त्यात कुठे हात चुकला तर कॅनव्हास गेला. इतका तयार हात नुसतं बसून होतो? वीस-पंचवीस वर्षं रंगात घातल्यावर माणसाला बसायची मुभा मिळते. तू आधीच बसला.

भाचा: म्हणजे मी बसायच्या लायकीचा नाही.

मावशी: माझ्या तोंडी घालू नको. बसायच्या नादात तुझा हात सुटून राहिला, एवढंच म्हणते मी. बरव्यांचं बघ. प्रभाकर बरवे. विणकर सेवा केंद्रात नोकरी, काही वर्षं बनारसला, मग मुंबईत. आणि वर्षानुवर्षं डायऱ्या. त्यात रेखाटनं, टिपणं, एखादं पान, एखादं घड्याळ, एखादा आकडा. त्या वस्तू पुढे त्यांच्या चित्रांत येतात. त्यांना काय आभाळातून सुचलं? सुचेल तेव्हा लिहीन म्हटलं असतं, तर डायरीची पानं कोरीच राहिली असती.

भाचा: आणि त्यांच्या पुस्तकाचं नाव काय?

मावशी: ‘कोरा कॅनव्हास’. १९९० चं आहे. माझ्याकडे पहिली आवृत्ती आहे, नेशील तर परत आणून देशील. पण नावावर जाऊ नको. कोरा कॅनव्हास म्हणून त्यांनी अख्खं पुस्तक भरून लिहिलंय.

इथे त्या उठल्या आणि कूलरच्या ताट्यांवर पाणी मारून आल्या. वाळ्याचा वास खोलीभर झाला. जलरंग करणाऱ्या माणसासाठी नागपूरचा मे हा उभा वैरी आहे, हे मी त्यांच्याकडेच पाहिलं. आकाशाचा सपाट वॉश टाकायचा तर कागद आधी भिजवून, गमटेपनं बोर्डावर ताणून, बोर्ड जरासा तिरपा ठेवायचा. रंगानं भरलेला ब्रश डावीकडून उजवीकडे एका दमात न्यायचा. त्या पट्टीच्या खालच्या कडेला रंगाचं पाणी साचतं, फुगून राहतं, आणि पुढची पट्टी ओढताना ते खाली ओढून घ्यायचं असतं. पंचेचाळीस डिग्री तापमानात ते तेवढा वेळ थांबतच नाही. ब्रश परत डावीकडे पोचेपर्यंत कड सुकते, आणि आकाशात एक कडक रेघ कायमची बसते. म्हणून या बाई पहाटे पाचला बसतात, रंगाच्या पाण्यात ग्लिसरीनचा थेंब टाकतात, कूलरची हवा अंगावर न घेता खोलीत फिरवून घेतात. आणि तरीही निम्मे कागद रद्दीत जातात.

मावशी: मला आकाश टाकायला फार तर दोन मिनिटं मिळतात. त्यात भीती वाटायला वेळ कुठे आहे? भीती रिकाम्या हाताला वाटते.

भाचा: म्हणूनच तू जलरंग धरून ठेवलेत. भीती वाटायला वेळ मिळू नये म्हणून.

मावशी: शहाणाच आहेस.

भाचा: नाही, खरंच विचारतो. तुला कधी भीती नाही वाटली? कागदासमोर?

मावशी: कागदाची कसली भीती रे? इकडे ये, गॅलरीत ये. ते बघ. तो सदऱ्यातला म्हातारा काल रात्रीपासून त्या पायरीवर आहे. आत सून आहे की मुलगी, माहीत नाही. काउंटरवर किती पैसे सांगतील याची त्याला भीती वाटून राहिली आहे. मग ती वाचेल का, याची. त्याला जाऊन सांग, मला पांढऱ्या कापडाची भीती वाटते.

भाचा: हे तू दरवेळी करते. दुसऱ्याचं दुःख आणून समोर ठेवलं की माझं आपोआप लहान होतं. पण होत नाही नं! त्या म्हाताऱ्याची भीती मोठी आहे म्हणून माझी खोटी ठरत नाही. रात्री दोनला मला पण जाग येते. वाटतं, जे होतं ते बडोद्यातच संपलं. लोक येतील, भिंती बघतील, चांगलं आहे म्हणतील आणि समोसा घेऊन निघून जातील.

मावशी: समोसा तरी ठेवणार आहेत नं?

(दोघंही हसले. या घरातले वाद असेच चालतात, म्हणून मला ते आवडतात. पण भाच्याचं म्हणणं मला पटलं होतं. मोठी भीती दाखवून लहान भीती पळत नाही. ती तात्पुरती लाजते, आणि पाहुणे गेले की परत येऊन बसते.)

भाचा: आणि खऱ्या भीतीतून काही सुचतं म्हणशील, तर तेही नाही. २०२३ च्या सप्टेंबरातली ती रात्र आठव.

त्या रात्रीचं नागपूरकराला वेगळं सांगायला नको. २३ सप्टेंबरची पहाट. काही तासांत शंभर मिलिमीटरवर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, आणि एरवी जिच्याकडे नाक धरून बघतो ती नाग नदी लोकांच्या घरांत शिरली. पंचशील चौकातला पूल खचला. या परिसरातल्या तळमजल्यांवर कुठे गुडघाभर तर कुठे त्याहून जास्त पाणी.

भाचा: त्या रात्री तू काय काढलंस?

मावशी: पाणी काढलं. बादलीनं. खालच्या डॉक्टरांच्या फायली जिन्यावर आणून ठेवल्या. तुझ्या काकांच्या वेळचं कपाट गेलं ते गेलंच.

भाचा: तेच म्हणतो मी. आयुष्यभर जी अंबाझरी रंगवली ती स्वतः चालत दारात आली, आणि तू एक रेघ मारली नाहीस. आणि नंतरसुद्धा तुझ्या चित्रांत तलाव तसाच शांत. काठावर झाड, मधे नाव, मागे संध्याकाळ. का?

मावशी लगेच बोलल्या नाहीत. कपात चहा नव्हता, तरी त्यांनी कप उचलला.

मावशी: वेटिंग रूममध्ये पूर कोण लावतं?

भाचा: आता कसं बोललीस!

मावशी: काय आता कसं? लोकांना तिथे बसून शांत वाटायला पाहिजे. त्यात वाईट काय आहे? मी काही लबाडी नाही करत.

भाचा: लबाडी नाही. पण मग रोजच्या कामाचं एवढं कौतुक मला सांगू नको. पहाटे पाचला उठून तू तेच करते जे तुला झोपेत येतं. मी कोऱ्या कॅनव्हाससमोर बसून घाबरतो. तू भरलेल्या कागदाच्या मागे लपते. मी तरी दिसतो घाबरलेला.

हे त्यानं जरा जोरात म्हटलं. वयाचा मान आडवा आला असता तर वाद इथेच मिटला असता. पण या बाई शाळेत तीस मुलांचे वर्ग सांभाळून आलेल्या. आवाज चढला म्हणून त्या मुद्दा सोडत नाहीत.

मावशी: ठीक आहे. मग आपल्या एलकुंचवार सरांचं घे. सिनेमाला गेले, तिकीट मिळालं नाही, म्हणून नाटक पाहिलं. विजयाबाईंनी बसवलेलं ‘मी जिंकलो, मी हरलो’. १९६५ ची गोष्ट, त्यांनीच सांगितलेली.

भाचा: हे तर माझ्या बाजूचं आहे! हाउसफुल्लची पाटी नसती तर ‘वाडा चिरेबंदी’ नसतं. याला मी प्रेरणा म्हणतो. ठरवून मिळत नाही.

मावशी: थांब, पुढचं ऐक. दुसऱ्या दिवशी ते परत तेच नाटक बघायला गेले. मग वर्षभर नाटकं वाचत राहिले, लिहायला लागले, आणि १९६७ ला ‘सुलतान’ ही एकांकिका ‘सत्यकथे’त आली. त्या रात्री नाटकाला थिएटरभर माणसं असतील. त्यातले नाटककार किती झाले? पाटी सगळ्यांसाठी लागली होती.

भाचा: वर्षभर वाचणं म्हणजे वाट पाहणंच नं? लगेच तर नाही लिहिलं.

मावशी: तू वाचत असतास तर मी काही बोलले नसते. तू मोबाइल बघतो.

(या फेरीचे गुण मी दोघांनाही देईन. एलकुंचवारांची ही गोष्ट नागपुरात ज्याला जशी हवी तशी सांगितली जाते: आळशी माणूस तिकीटखिडकीपाशी थांबतो, कष्टाळू माणूस वर्षभराच्या वाचनावर बोट ठेवतो. मला तिच्यात तिसरंच दिसतं, ते म्हणजे दुसऱ्या दिवशी परत जाणं. पहिल्या रात्री भारावून जाणं सोपं असतं. दुसऱ्या रात्री तेच नाटक डोळे उघडे ठेवून पाहायचं, आणि हे आपल्याला जमेल का, असं स्वतःला विचारायचं, तिथे पोटात गोळा आला असणार. हा माझा तर्क, सरांच्या माथी मारू नये.)

भाचा: मला कुमार गंधर्व आठवतात. गायतोंड्यांच्याच वर्षाचे, १९२४ चे. लहानपणी मोठमोठ्या गवयांचं गाणं जसंच्या तसं गाऊन दाखवायचे, लोक वेडे व्हायचे. मग क्षय झाला, देवासला जाऊन पडले, पाच-सहा वर्षं गाणं बंद. माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी तेवढी कानावर. परत उभे राहिले तेव्हा गळ्यातून निराळंच गाणं आलं. ज्यावर टाळ्या मिळाल्या होत्या ते सोडून दिलं होतं. मावशी, मला याची भीती आहे. कोऱ्या कॅनव्हासची नाही. बडोद्याला माझं जे चित्र सगळ्यांना आवडलं, ते मला डोळे मिटून परत काढता येतं. हात तिकडेच जातो. म्हणून मी हात लावत नाही.

मावशी: हे आधी का नाही बोललास?

भाचा: तू गायतोंड्यांना जेवायला बसवलंस म्हणून.

मावशी: हात तिकडे जातो तर जाऊ दे की. दहा कागद खराब कर. जुनं सगळं एकदा बाहेर येऊन जाऊ दे.

भाचा: आणि तुझं? तुझे किती कागद झाले अंबाझरीचे? बाहेर येऊन गेलं का?

आता मला तिथून उठावंसं वाटत होतं. पण भाच्यानं कपाटाकडे बोट दाखवलं, आणि कपाटात काय आहे ते मला माहीत होतं. गॅलरीत बसून त्या वह्या भरतात. साध्या शाळकरी चित्रकलेच्या वह्या, त्यात बॉलपेन आणि कधी कधी शाई. खाली बसलेली माणसं. पिशवीवर डोकं टेकून झोपलेली बाई. दोन हातांनी एकच मोबाइल धरलेले बाप-लेक. स्ट्रेचर गेल्यावर तिथेच उभा राहिलेला पोरगा, चपला उलट्या घातलेल्या. या रेघांना ग्लिसरीन लागलेलं नाही. त्या अंबाझरीवाल्या बाईंनी काढल्या आहेत हे सांगितल्याशिवाय कळणार नाही, आणि त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मावशी: त्याला हात लावायचा नाही.

भाचा: पुण्यात एक अख्खी भिंत रिकामी आहे. मी गॅलरीवाल्यांशी बोलतो. मावशी-भाचा, एकत्र.

मावशी: वेडा आहेस का? ती माणसं अडचणीत सापडलेली आहेत. मी वरून बघते हे त्यांना माहीतही नाही. कुणी विचारलं, बाई, माझ्या वाईट दिवसाचं चित्र तू भिंतीवर का टांगलंस, तर मी काय सांगू?

भाचा: मग काढते कशाला?

मावशी: काढल्याशिवाय राहवत नाही म्हणून.

भाचा: तुझ्याकडे प्रेरणा आहे, मावशी. मी वाट बघून राहिलो, आणि ती तुझ्याकडे कपाटात आहे.

मावशी: नाव काही दे. दाखवायचं नाही.

भाचा: त्या माणसांची लाज वाटते म्हणून, की लोक म्हणतील या बाईला माणसं काढता येत नाहीत म्हणून?

यावर मावशींनी दिलेलं उत्तर प्रामाणिक होतं, म्हणून जसंच्या तसं देतो.

मावशी: दोन्ही. आणि कोणतं किती, ते मलाही वेगळं नाही काढता येत. माणसांचा आडोसा घेऊन मी स्वतःला वाचवते, असं कधी वाटतं. कधी वाटतं, नाही, मी बरोबर आहे, काही गोष्टी वहीतच राहाव्यात. वसंतराव देशपांडे इथे वाढले, गळा तो असा, आणि वर्षानुवर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात आकडे मांडत बसले. दारव्हेकर मास्तरांची ‘कट्यार’ आली १९६७ ला, तेव्हा त्यात खाँसाहेब झालेले वसंतराव सत्तेचाळीस वर्षांचे. लोक म्हणतात, केवढी हिंमत. मी म्हणते, त्याआधीची ती वर्षं त्यांनी कशी काढली असतील? घर चालवायचं आणि गाणंही सांभाळायचं. तेही धाडसच आहे. मी शाळेत तेच केलं.

भाचा: पण शेवटी ते रंगमंचावर आले नं?

मावशी: आले. म्हणून तर आपण त्यांचं नाव घेऊन राहिलो. जे नाही आले त्यांचं कोण घेतं?

गायतोंड्यांचं एक चित्र २०१५ साली मुंबईतल्या लिलावात एकोणतीस कोटींच्या वर गेलं, असं मी मधेच म्हणालो. विषय हलका करायचा होता. ते जाऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती, एवढंच मावशी म्हणाल्या. १९८४ च्या अपघातात त्यांच्या मानेला मार बसला आणि पुढे कित्येक वर्षं मोठ्या कॅनव्हासला हात लावता आला नाही, हे भाच्यानं सांगितलं. वाट पाहणं त्यांनी निवडलं होतं की शेवटी शेवटी त्यांच्यावर लादलं गेलं, यावर दोघांचं थोडं बोलणं झालं. पण तोवर दोघंही दमले होते.

तेवढ्यात फोन वाजला. जवळच्याच एका डॉक्टरांचा. नव्या आयसीयूबाहेरच्या भिंतीसाठी चित्र हवं होतं, चार बाय तीन, महिन्याअखेर.

मावशी: हो, लक्षात आहे. नाही, सुरू नाही केलं अजून. मी काय म्हणते डॉक्टर, या वेळी अंबाझरीच्या ऐवजी दुसरं काही चालेल का? … माणसं. बसलेली माणसं. … नाही, उदास नाही, साधीच. … हो. … हो, समजलं. बरं.

भाचा: काय म्हणाले?

मावशी: म्हणाले, ताई, माणसंच तर दिवसभर बघतो. भिंतीवर तरी पाणी असू द्या. बघ, हेच म्हणत होते मी.

भाचा: मग? परत अंबाझरी? नाही म्हणून सांग नं त्यांना.

मावशी: ॲडव्हान्स घेतलाय.

भाचा: परत दे.

मावशी: कुठून देऊ? खर्च झाला तो. तुझे कॅनव्हास कुठून आले वाटतं तुला?